नवजात कंपनीचा कारभारी

मुलगा इंजिनियर आहे, सून डॉक्टर आहे, जांवई बँकेंत आहे असें सांगितलें म्हणजे विचारणाराचें समाधान होतें. पण गेल्या कांहीं वर्षांत आमच्या वाचकांच्या घरांतून एक नवाच हुद्दा ऐकूं येऊं लागला आहे, तो म्हणजे 'प्रॉडक्ट मॅनेजर'. हा हुद्दा एखाद्या नामांकित कारखान्यांतला असता तर निदान कारखान्याच्या नांवावर वेळ मारून नेतां आली असती. परंतु जिचें नांव कोणीं ऐकलें नाहीं, जींत जेमतेम आठ-दहा माणसें आहेत, आणि जिची कचेरी पुण्यास बाणेरला अगर बेंगळुरूस कोठेंतरी भाड्यानें घेतलेल्या चार मेजांपुरती आहे, अशा नवजात कंपनींत, म्हणजे हल्लींच्या भाषेंत 'स्टार्टअप'मध्यें, जाण्यासाठीं घरचें मूल भरभक्कम पगाराची नोकरी सोडावयास निघतें, तेव्हां वडील मंडळी गोंधळून जातात. 'तूं प्रोग्रॅम लिहिणार कां?' 'नाहीं.' 'माल विकणार कां?' 'तेंही नाहीं.' 'हाताखालीं माणसें किती?' 'एकही नाहीं.' 'मग मॅनेजर कशाचा?'

या शेवटल्या प्रश्नाला तरुण मंडळी हंसतात. आम्हांस तो हंसण्यासारखा वाटत नाहीं. खुद्द त्या धंद्यांतील जाणत्या लोकांतही या हुद्द्याविषयीं अद्याप एकमत नाहीं, आणि ज्या कंपन्यांनीं हाच प्रश्न स्वतःस वेळींच विचारला नाहीं त्यांपैकीं कित्येकींनीं आपला पैसा व दुसऱ्याच्या मुलांचीं दोन-तीन वर्षें व्यर्थ दवडलीं आहेत. म्हणून या हुद्द्याची थोडी चिकित्सा येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा हुद्दा संगणकांतून जन्मास आला अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो साबणांतून आला. अमेरिकेंत सिनसिनाटी येथें प्रॉक्टर अँड गॅम्बल ही साबणाची जुनी व मोठी कंपनी. तिचा 'आयव्हरी' साबण घरोघरीं गेलेला. मागाहून काढलेला 'कॅमे' मात्र थोरल्या भावाच्या सावलींत वाढणाऱ्या धाकट्याप्रमाणें खुरटून राहिला होता. कॅमेच्या जाहिरातींचें काम पाहणाऱ्या नील मॅकेलरॉय या तरुणानें १३ मे १९३१ रोजीं वरिष्ठांसाठीं एक टिपण लिहिलें. त्याचा मतलब असा कीं, प्रत्येक मालामागें त्याचा म्हणून एक माणूस असावा. आपला माल कोणत्या भागांत खपतो व कोणत्या भागांत पडून राहतो हें त्यानें आंकडे काढून पाहावें. जेथें पडून राहतो तेथें जातीनें जाऊन दुकानदारांस व गिऱ्हाइकांस भेटावें. कारण शोधावें, उपाय सुचवावा, आणि उपायाच्या फळाची जबाबदारीही आपल्याच शिरावर घ्यावी. कंपनीनें ही सूचना मान्य केली. हेच मॅकेलरॉय पुढें त्या कंपनीचे अध्यक्ष झाले व १९५७ ते १९५९ पर्यंत अमेरिकेचे संरक्षणमंत्री होते. एका साबणाची काळजी वाहणारा मनुष्य देशाच्या फौजांची काळजी वाहूं लागला, ही गोष्ट आमच्या वडील वाचकांस मौजेची वाटेल.

तथापि एक भेद येथेंच ध्यानांत ठेविला पाहिजे. मॅकेलरॉय यांच्यापुढें साबण तयार होता, कारखाना चालू होता, गिऱ्हाईक रोज दुकानाची पायरी चढत होतें. नवजात कंपनींत यांपैकीं कांहींच नसतें. असतो तो एक संकल्प, थोडें भांडवल, आणि तें भांडवल संपण्याची जवळ येत चाललेली तारीख. तेथें मालाची व्यवस्था लावावयाची म्हणजे लावावयाची तरी कशाची? उत्तर असें कीं, कोणता माल करावा आणि कोणता करूं नये हेंच तेथें ठरावयाचें असतें, आणि तें ठरविणें हीच व्यवस्था.

लग्नघराचा दाखला घेतला तर हें लवकर उमगेल. स्वयंपाक आचारी करतो, मंत्र गुरुजी म्हणतात, पैसा यजमान खर्च करतात. तरीही प्रत्येक घरांत एखादे काका किंवा मावशी अशा असतात कीं ज्यांच्या हातीं झारा नाहीं व थैलीही नाहीं, पण आचारी पुढला घाणा टाकण्यापूर्वीं त्यांच्याच तोंडाकडे पाहतो. कां? तर विहीणबाईंचा आज उपास आहे, मुंबईची मंडळी साडेबाराच्या गाडीला परतणार आहेत, वऱ्हाडांत म्हातारीं माणसें पुष्कळ असल्यानें तिखट बेतानेंच हवें, हें सारें त्यांना ठाऊक असतें. त्यांची सत्ता माहितींतून येते, हुकमांतून नव्हे. नवजात कंपनींतील प्रॉडक्ट मॅनेजर हा असाच कारभारी होय. प्रोग्रॅम लिहिणारे, पडद्यावरील मांडणी रेखाटणारे, विक्री करणारे यांपैकीं कोणीही त्याचा ताबेदार नसतो. गिऱ्हाइकाविषयीं त्याला जितकें खरें ठाऊक असेल तितकेंच त्याच्या शब्दाला वजन राहतें. तें आटलें कीं वजनही गेलें. (त्याच्या नांवाशीं जुळणारा 'प्रॉजेक्ट मॅनेजर' हा निराळा. ठरलेलें काम ठरल्या दिवशीं होतें कीं नाहीं हें तो पाहतो. मुळांत काय ठरावें हा प्रश्न त्याच्याकडे सहसा येत नाहीं.)

त्याच्या रोजच्या कामाचा मासला द्यावयाचा तर समजा, एका कंपनीनें किराणा दुकानदारांसाठीं उधारीची वही मोबाइलवर आणली आहे. दहा दुकानदार एकमुखानें म्हणतात, 'उधारी मागण्याचा निरोप पाठविण्यासाठीं मोठें बटण द्या.' कामसू प्रोग्रॅमर दोन दिवसांत बटण करून देईल, आणि महिन्यानें असें दिसेल कीं तें कोणीं दाबलेंच नाहीं. आतां आमचा कारभारी दुकानांत जाऊन दुपारभर पोत्यावर बसतो. त्याला दिसतें कीं अडचण बटणाची नव्हतीच. शेजारच्या वहिनींकडे पैसे मागावयाचा दुकानदाराला संकोच आहे. मग निरोप दुकानदाराच्या नांवानें न जातां ठरल्या तारखेस वहींतूनच आपोआप जावा, म्हणजे 'मीं नाहीं हो, तें यंत्रच पाठवितें' असें म्हणावयास त्याला जागा राहील, अशी योजना निघते. गिऱ्हाइकानें मागितलेली वस्तु एक होती व त्याची नड दुसरी होती. ही नड ओळखून ती अशा शब्दांत लिहून काढावयाची कीं लिहिणाराला, रेखाटणाराला व विकणाराला एकच अर्थ लागावा. मग त्यांपैकीं आधीं काय व मागाहून काय तें लावून द्यावयाचें. आणि राहिलेल्या पंचवीस सूचनांना, त्यांत मालकांची स्वतःची लाडकी सूचना असली तरी, गोडीनें 'तूर्त नाहीं' म्हणावयाचें. हें शेवटचें काम सर्वांत अवघड आहे. मोठ्या कुटुंबांत ज्यांनीं दिवाळीच्या खरेदीची यादी कापली आहे त्यांस तें निराळें समजावून सांगावयास नको.

आतां एका खऱ्या कंपनीची हकीकत पाहूं, कारण तींत साबणाचा व संगणकाचा असे दोन्ही धागे एकत्र आले आहेत. स्कॉट कुक हे गृहस्थ आधीं त्याच प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनींत मॅकेलरॉय यांनीं घालून दिलेल्या पद्धतीखालीं तयार झालेले. पुढें ते कॅलिफोर्नियांत आले. घरचीं बिलें भरण्याचा, धनादेश लिहून त्यांची नोंद ठेवण्याचा कंटाळा त्यांच्या पत्नीनें एकदां बोलून दाखविला, आणि हें काम संगणकाकडून कां होऊं नये असें कुक यांच्या मनांत आलें. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील टॉम प्रू या विद्यार्थ्यास प्रोग्रॅम लिहिण्यासाठीं हाताशीं धरून त्यांनीं १९८३ सालीं 'इन्ट्युइट' ही कंपनी काढली, व तिच्या प्रोग्रॅमला 'क्विकन' असें नांव दिलें.

येथपर्यंत विशेष असें कांहींच नाहीं. घरखर्चाचे हिशेब ठेवणारे प्रोग्रॅम त्या काळीं बाजारांत रग्गड होते. आपल्या आधीं ४६ होते, आपला ४७वा, असें कुक पुढें विनोदानें सांगत. विशेष आहे तें त्यांनीं आधीं काय केलें यांत. त्यांनीं घरोघर टेलिफोन करून लोकांना विचारलें कीं, हिशेबाचें काम तुम्ही कसें करतां, त्यांत नकोसें काय वाटतें? बाजारांतील प्रोग्रॅम त्यांनीं तपासून पाहिले, तेव्हां असें दिसलें कीं त्यांत कामें शेंकडो होतात, पण साधा धनादेश लिहिण्यास कागद-पेन्सिलीपेक्षां अधिक वेळ लागतो. म्हणजे करणाऱ्यांनीं वैशिष्ट्यें मोजलीं होतीं. बाईंचीं मिनिटें कोणींच मोजलीं नव्हतीं. कुक व प्रू यांनीं पालो आल्टो येथील 'ज्युनियर लीग' या महिला-संस्थेंतील स्त्रियांना आणून संगणकापुढें बसविलें, आणि त्या कोठें अडतात तें शेजारीं उभे राहून पाहिलें. पडद्यावर हिशेबशास्त्राचे तक्ते मांडण्याऐवजीं नित्य सवयीच्या धनादेशाचें व नोंदवहीचेंच चित्र त्यांनीं काढलें. जमा-नांवें यांचें ज्ञान नसलेल्या गृहिणीस तें पाहतांच ओळखीचें वाटलें.

यांत प्रॉडक्ट मॅनेजर कोण? तसा हुद्द्याचा मनुष्य त्या कंपनींत त्या वेळीं नव्हता. तें काम मालक स्वतः करीत होते. आमच्या मतें या साऱ्या विषयाचें मर्म येथें आहे. १९८५च्या सुमारास इन्ट्युइटची थैली रिकामी झाली, नोकरांना पगार देणेंही शक्य होईना, कांहीं जण सोडून गेले. तशा दिवसांत कुक यांनीं एखादा पगारी कारभारी नेमून 'गिऱ्हाइकांचें तूं पाहा, मी पैशांचें पाहतों' असें म्हटलें असतें तर कंपनी तरली असती असें आम्हांस वाटत नाहीं. अन्न गोड कां लागत नाहीं हें आचाऱ्याच्या सांगण्यावरून यजमानाला कळत नाहीं. त्याला पंगतींत बसावें लागतें.

कंपनी वाढल्यावर तीच सवय त्यांनीं नोकरवर्गास लावली. दुकानांत उभें राहावयाचें, क्विकनचा खोका विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकास विनंति करून त्याच्यासोबत त्याच्या घरीं जावयाचें, आणि तो खोका उघडून प्रोग्रॅम चालू करीपर्यंत तोंडांतून अवाक्षर न काढतां नुसतें पाहत बसावयाचें. 'फॉलो मी होम' या नांवानें ही पद्धत पुढें प्रसिद्ध झाली. तिची एक गंमत अशी कीं, घरगुती हिशेबासाठीं केलेलें क्विकन पुष्कळ लोक आपल्या लहानशा दुकानाच्या किंवा कचेरीच्या हिशेबाला वापरीत आहेत असें दिसून येऊं लागलें. पहिलीं कांहीं वर्षें कंपनीनें याकडे दुर्लक्ष केलें. लोक चुकीच्या कामाला वापरतात, एवढाच अर्थ घेतला. पुढें खरें कारण उमगलें. हिशेबनिसांची भाषा न जाणणारे लहान दुकानदार असंख्य होते, आणि त्यांच्यासाठीं कोणीं कांहीं केलेंच नव्हतें. १९९२ सालीं त्यांच्यासाठीं 'क्विकबुक्स' निघालें आणि तेंच पुढें कंपनीचा मोठा आधार झालें. गिऱ्हाइकाचें 'चुकीचें' वागणें हीच बातमी असते, हें ओळखणारा डोळा एखाद्या नवजात कंपनींत एकाच्या जरी ठायीं असला तरी ती भाग्यवान म्हणावी.

हें सारें सातासमुद्रांपलीकडचें आहे, आपल्याकडे असें कोठें, असा कोणी आक्षेप घेईल. त्यांस बेळगांवची आठवण देतों. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर केला. नांगर उत्तम होता. पण लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. आतां ही अडचण भट्टींत किंवा लोखंडांत शोधून सांपडली असती काय? ती शेताच्या बांधावरच सांपडावयाची. अलीकडचें उदाहरण पुण्याचें. कैलाश काटकर हे कॅल्क्युलेटर व पुढें संगणक दुरुस्त करण्याचा व्यवसाय करीत. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत 'व्हायरस'ची तीच ती पीडा त्यांना दिसे. संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधु संजय यांनीं तिजवर प्रोग्रॅम लिहिला, व त्यांतून १९९०नंतरच्या दशकांत 'क्विक हील' उभें राहिलें. २०१६ सालीं त्या कंपनीचे भाग मुंबईच्या शेअरबाजारांत आले. एक भाऊ गिऱ्हाइकाच्या बाजूस, दुसरा यंत्राच्या बाजूस, आणि दोघांमध्यें एक जेवणाचें ताट! मधला कारभारी नेमण्याची गरजच पडली नाहीं.

मग ती केव्हां पडते? कंपनीची माणसें पंधरा-वीस झालीं, पैसे देणारीं गिऱ्हाइकें रोज नवीं मागणीं आणूं लागलीं, मालकांचा अर्धा आठवडा भांडवलवाल्यांच्या भेटींत जाऊं लागला, आणि प्रोग्रॅम लिहिणारे 'आज काय करावयाचें?' म्हणून बसून राहूं लागले म्हणजे ती वेळ आली असें समजावें. त्यापूर्वीं नेमलेला प्रॉडक्ट मॅनेजर बहुधा दोहोंपैकीं एका गतीस जातो. एक तर तो पोस्टमन होतो, म्हणजे मालकांच्या लहरी प्रोग्रॅमरांकडे व प्रोग्रॅमरांच्या सबबी मालकांकडे पोंचविणें एवढेंच त्याच्या वांट्यास येतें. किंवा माल खपला नाहीं तर दोष कोणाच्या माथीं मारावा म्हणून राखून ठेवलेला माणूस होतो. दोन्ही स्थितींत त्याचा पगार वेळेवर होत असेल, पण दोन वर्षांनीं दुसरीकडे जाऊन 'मीं अमुक केलें' असें सांगण्यासारखें त्याच्या गांठीस कांहीं राहत नाहीं. तरुण माणसाच्या आयुष्यांतील दोन वर्षें हा पगाराहून मोठा खर्च आहे.

'एअरबीएनबी' या घरें भाड्यानें देण्याच्या कंपनीचें उदाहरण या संबंधांत नेहमीं देतात. तिच्या संस्थापकांनीं २००९ सालीं न्यूयॉर्क शहरीं घरोघर हिंडून, कॅमेरा हातीं घेऊन, लोकांच्या घरांचे चांगले फोटो स्वतः काढले, तेव्हां कोठें धंद्यास गति आली. त्याच कंपनीचे ब्रायन चेस्की यांनीं २०२३ सालीं एका परिषदेंत सांगितलें कीं, आपण प्रॉडक्ट मॅनेजरचें काम जुन्या स्वरूपांत ठेविलें नसून मालाची बाजारास ओळख करून देण्याच्या कामाशीं तें जोडून टाकलें आहे. सभेंत बसलेल्या रेखाटनकारांनीं टाळ्या वाजविल्या, आणि 'हा हुद्दाच आतां जाणार' अशी आवई उठली. आम्हांस ती खरी वाटत नाहीं. अलीकडे प्रोग्रॅम लिहून देणारीं बुद्धिमान यंत्रें निघाल्यापासून वस्तु करणें पूर्वींपेक्षां पुष्कळ सोपें झालें आहे. नको असलेली वस्तुही आतां झटपट करतां येते. तेव्हां पोत्यावर दुपारभर बसणाऱ्या माणसाची गरज कमी कशी होईल? हुद्द्याचें नांव मात्र खुशाल बदलो.

आतां राहिला घरचा प्रश्न. मुलानें किंवा सुनेनें अशी जागा पत्करावी कीं नाहीं? सरसकट 'हो' म्हणणारे व सरसकट 'नको' म्हणणारे दोघेही सारखेच आळशी होत. नेमणुकीचें पत्र येण्यापूर्वीं उमेदवारानें कांहीं गोष्टी मोकळेपणानें विचाराव्या. विचारल्यानें कोणी रागावलें तर तेंही एक उत्तरच समजावें. पैसे देऊन माल घेणारीं गिऱ्हाइकें आज किती आहेत, आणि कंपनीच्या खात्यांत किती महिन्यांचा खर्च शिल्लक आहे? गिऱ्हाइकांस भेटण्याची मला मुभा आहे, कीं तें फक्त मालक करणार? मालकांना आवडलेली एखादी गोष्ट दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून शेवटची कधीं रद्द झाली? या शेवटल्या प्रश्नावर मालक आठवूं लागले आणि त्यांना एकही उदाहरण आठवलें नाहीं, तर तेथें मॅनेजर नको असून कारकून हवा आहे असें खुशाल समजावें. माझ्यापूर्वीं या जागेवर कोणी होतें काय, व तें कां गेलें, हेंही विचारण्यास हरकत नाहीं.

दुसरी बाब भागांची. अशा कंपन्या पगार कमी देऊन त्याऐवजीं 'इसॉप', म्हणजे कंपनीचे भाग पुढें ठराविक किंमतीस घेण्याचा हक्क, देऊं करतात. पत्रांत आंकडा मोठा दिसतो, आणि घरांत त्या आंकड्यावर ब्लॉकचे बेत सुरू होतात. म्हणून हें नीट समजून घ्यावें. हा हक्क एकदम मिळत नाहीं. सामान्यतः तो चार वर्षांत थोडाथोडा पदरांत पडतो, आणि पहिलें वर्ष पुरें होण्याआधीं नोकरी सोडली अगर सुटली तर कांहींच मिळत नाहीं. नोकरी सोडल्यावर पदरांत पडलेल्या हक्काचे भाग विकत घेण्यास मुदत असते, व ती पुष्कळदां अवघी कांहीं महिन्यांची असते. भाग घेतेवेळीं त्यांची त्या दिवसाची किंमत व आपण दिलेली किंमत यांतील फरक पगाराचें उत्पन्न धरून त्यावर प्राप्तिकर लागतो. म्हणजे भाग विकतां येवोत वा न येवोत, कर रोख भरावा लागतो. सरकारनें पात्र ठरविलेल्या कांहीं स्टार्टअपांतील नोकरांना हा कर पुढें ढकलण्याची सवलत २०२० पासून आहे, पण ती सर्वांस लागू नाहीं. आपली कंपनी तींत बसते कीं नाहीं हें लेखी विचारून घ्यावें.

एकत्र कुटुंबाचा एक फायदा येथें उघड दिसतो. ज्या घरांत दुसरे दोन पगार येत आहेत, राहतें घर कर्जमुक्त आहे, आणि म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याची सोय स्वतंत्र आहे, तेथील तरुणानें वर्ष-दीड वर्ष कमी पगारावर असा अनुभव घेण्यांत धोका बेताचाच आहे. एकट्या कर्त्या मुलावर हप्ते व बहिणीचें शिक्षण असेल तेथें तोच धोका फार मोठा. म्हणून घरखर्चाचे निदान बारा महिन्यांचे पैसे बाजूस काढतां येतात कीं नाहीं, आजवरच्या कंपनीकडून मिळणारा आजाराचा विमा गेल्यावर आईवडिलांचा विमा कोठून चालवावयाचा, आणि इसॉपचा आंकडा शून्य धरूनही नवा पगार पुरतो काय, हें सर्वांनीं एका संध्याकाळीं कागद-पेन्सिल घेऊन मांडून पाहावें, आणि मग बेंगळुरूचें तिकीट काढावें.